डाउन सिंड्रोम असलेली माझी सहा वर्षांची मुलगी चमचा धरते, पण घास वाटेतच सांडते. तिला कसे शिकवावे? (इंदूर)

शिकवण्याची सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून करावी: तिच्या हातावर आपला हात ठेवून चमचा ओठांजवळ आणावा आणि केवळ तोंडात घालण्याचे काम तिच्यावर सोपवावे, ते जमू लागले की आपला हात थोडा आधी, मग आणखी आधी सोडत जावे. व्यवसायोपचारात (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे स्वतः करायला शिकवणारे उपचार) ही पद्धत रूढ आहे, कारण प्रत्येक प्रयत्न घास मिळूनच संपतो आणि मुलाचा उत्साह टिकतो. या मुलांचे स्नायू बहुधा सैल असल्याने बैठक चमच्याइतकीच महत्त्वाची असते; पाय लोंबकळत असतील तर हातही स्थिर राहत नाही, म्हणून पायांखाली पाट द्यावा. चमचा आखूड व जाड दांड्याचा, वाटी उभ्या काठाची आणि तिच्याखाली ओले फडके असावे. चमच्याला चिकटणारे दहीभात, शिरा, मऊ खिचडी आधी द्यावी. सुटे पोहे आणि त्यांवरची शेव नंतर द्यावी, इंदूरच्या घरात एवढे थांबणे कठीण असले तरी. मात्र जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा आवाज घरघरत असेल, तर सराव थांबवून आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी.