बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी २०२० मध्ये गुलाबी का झालं होतं?

चमत्कार नव्हता, पण कारण चमत्काराइतकंच सुंदर आहे. लोणारचं पाणी मुळातच खारट आणि अल्कधर्मी. त्या जूनमध्ये पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, बेसुमार वाढले. त्यांच्यातलं रंगद्रव्य गुलाबी असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हे तपासलं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नमुन्याचं पाणी हलवलं नाही, नुसतं ठेवून दिलं, तर गुलाबी गाळ तळाशी बसायचा आणि वरचं पाणी नितळ व्हायचं! म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, त्या जीवांचा होता.

आख्यायिका सांगते, विष्णूने लवणासुराला इथेच मारलं. लवण म्हणजे मीठ. खारटपणा जुन्या लोकांनी नावातच नोंदवून ठेवलाय. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. सरोवर ज्या खोल खड्ड्यात आहे, ते विवर मात्र उल्कापाताचं, बेसाल्ट खडकातलं.