जपानी व्याकरण मराठीतून शिका, इंग्रजीतून नको

जपानी व्याकरण शून्यापासून शिकायचं तर मराठी माणसाने सुरुवात कुठून करावी आणि ते खरंच इतकं अवघड आहे का, असं तुम्ही विचारलंय. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं, अवघडच आहे, तिथे खोटा धीर देत नाही. व्याकरणात मात्र आपलं नशीब जोरावर आहे.

मी इंग्रजी पुस्तकातून शिकायला लागलो आणि दोन महिने तक्ते घोकले. 'वाताशी वा नेको गा सुकी देसु' या वाक्यातल्या 'गा'वर, म्हणजे कर्त्याच्या प्रत्ययावर, त्यात पानभर खुलासा होता, कारण इंग्रजीत मांजर हे कर्म. मग एकदा तेच मनात मराठीत म्हटलं: मला मांजर आवडतं. आपल्याकडेही मांजर कर्ताच की! पान उलटलं.

क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, प्रश्नाच्या शेवटी 'का' ('इकिमासु का?' म्हणजे 'जाता का?', योगायोगच, पण कामाचा). लिंगाची भानगड नाहीच. मला सगळ्यात आवडतं ते क्रियापदाचं 'ते' रूप, आपल्या 'खाऊन', 'जाऊन'सारखं. 'मिरु' म्हणजे बघणे, म्हणून 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे, म्हणून 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो. शब्दशः, जाऊन येतो!

आता मराठी कुठे दगा देते ते. आपला 'त' तिकडे दोन ठिकाणी फुटतो. 'मुंबईत राहतो' याला 'मुंबई नि', पण 'मुंबईत काम करतो' याला 'मुंबई दे'. नुसतं असणं-राहणं असेल तर 'नि', तिथे काही करणं असेल तर 'दे'. शिवाय 'बसने' जायचं तरी 'बासु दे'च. यात मी कितीतरी महिने चुकत होतो.

दुसरा खड्डा भूतकाळाचा. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, कालच्या जेवणाबद्दल विचारलं, मी 'छान होतं'च्या चालीवर ठोकून दिलं, 'ओइशिई देशिता' ('ओइशिई' म्हणजे चवदार, 'देशिता' म्हणजे होतं). त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच, जरा मोठ्याने. बरोबर होतं 'ओइशिकात्ता देसु'. 'इ'ने संपणारं असं विशेषण स्वतःच भूतकाळात जातं, 'देसु' (आहे) जागचं हलत नाही.

एन५, म्हणजे जपानी भाषेची सगळ्यात सोप्या पातळीची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, तिची घाई नको. आधी हिरागाना ही जपानीची मूळ उच्चारलिपी उरका, म्हणजे 'वा' हा प्रत्यय लिहिताना 'हा'चं अक्षर का वापरतात म्हणून गोंधळणार नाही. मग रोज स्वतःच्या दिवसातली पाच वाक्यं लिहा आणि प्रत्येक 'त'पाशी थांबून ठरवा, 'नि' की 'दे'.