साडेचार वर्षांच्या मुलीच्या चुका आणि तिचे खोटे बोलणे: बालविकासाच्या संकल्पना कोठून समजून घ्याव्यात?

तुम्ही लिहिले आहे की तुमची साडेचार वर्षांची मुलगी ओठाला भुगा लागलेला असतानाही ‘मी बिस्कीट खाल्लं नाही’ असे सांगते, ‘मी काम करलं’ असे बोलते आणि दहापर्यंतचे आकडे पाठ असूनही वस्तू मोजताना चुकते. म्हणून बालविकासाच्या मानसशास्त्रातील मुख्य संकल्पना कोणत्या आणि त्या घरात उपयोगी पडतात का, असे तुम्ही विचारले आहे. मी बावीस वर्षे बालवाडीत शिकवते आणि अलीकडे अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणातही सहभागी असते. माझ्या मते या संकल्पना समजून घेण्यासाठी तुमच्या मुलीच्या चुकांहून चांगली जागा नाही, कारण या शास्त्राचा मोठा भाग अशाच चुकांमधून उभा राहिला.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे हे तरुणपणी, 1920 च्या सुमारास, पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. बरोबर उत्तरे मोजणे एवढेच खरे तर अपेक्षित होते. परंतु एका वयाची मुले एकाच पद्धतीने चुकतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि ती चूक कोणत्या विचारातून येते हे ते मुलांनाच विचारू लागले. त्यांनी पुढे मांडलेल्या, मुलांच्या विचारांच्या चार अवस्था कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. त्या पाठ करण्यापेक्षा त्यांचा एक प्रयोग घरी करून पाहा.

गेल्या उन्हाळ्यात मी एका चार वर्षांच्या मुलीसमोर दोन सारख्या पेल्यांत कोकम सरबत ओतले. दोन्हींत सारखेच आहे, हे तिने पेल्यांशी डोळे नेऊन तपासले. मग तिच्यासमोरच एका पेल्यातले सरबत मी उंच, अरुंद पेल्यात ओतले. ‘यात जास्त आहे,’ असे म्हणून तिने तोच पेला मागितला. ते सरबत परत जुन्या पेल्यात ओतल्यावर ती तितक्याच खात्रीने म्हणाली, ‘आता सारखं झालं.’ तिला यात काहीही विसंगत वाटले नाही. या वयात मुलाचे लक्ष एका ठळक गोष्टीवर, येथे उंचीवर, खिळते. उंची वाढली तेव्हा रुंदी कमी झाली, हा हिशेब त्याच वेळी मनात धरता येत नाही. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास तो जमू लागतो.

मात्र पियाजे यांचे सर्वच निष्कर्ष जसेच्या तसे टिकलेले नाहीत. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी 1974 मध्ये असाच प्रयोग सारख्या संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडून केला, पण ओळ मोठ्या माणसाने न हलवता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली. तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी ‘दोन्हींत सारखेच’ हे बरोबर उत्तर दिले. मोठे माणूस मुद्दाम काही बदलते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा आपले पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटते. मला हा सबंध विषयातला सर्वांत उपयोगी धडा वाटतो, कारण घरीही आपण उत्तर माहीत असताना तोच प्रश्न आवाज चढवून दोनदा विचारतो आणि मूल मग खरे उत्तर न देता आपल्याला हवे असलेले उत्तर शोधू लागते.

आता ‘करलं’. तुमच्या घरात असे कोणी बोलत नसेल, म्हणजे मुलीने ते ऐकून उचललेले नाही. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘भरलं’ यांतून तिने स्वतः नियम काढला आणि तो ‘कर’ या धातूला लावला. ‘येला’, ‘जाला’ हेही त्याच नियमाने तयार होतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपुढे भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी 1958 मध्ये बनावट शब्द ठेवून हेच दाखवले होते. तुम्ही ‘हो, तू काम केलंस’ असे सहज म्हणावे, तिच्याकडून वदवून घेऊ नये.

खोटे बोलण्याबद्दल तुम्ही फार काळजीत दिसता. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या 1983 च्या प्रयोगात एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो आणि त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. तो परतल्यावर कोठे शोधेल, असे विचारले की तीन वर्षांची मुले बहुधा चॉकलेट प्रत्यक्ष असते ती जागा दाखवतात. दुसऱ्याच्या मनातली समजूत आपल्या माहितीहून वेगळी असू शकते, हे चार-पाच वर्षांच्या दरम्यान स्पष्ट होत जाते. आईला ठाऊक नसेल, हे कळल्याशिवाय आईपासून काही लपवता येत नाही. तुमच्या मुलीला तेवढे कळले आहे. भुग्याकडे पाहून आईला उमगेल, हे अजून कळलेले नाही. म्हणून ‘खाल्लंस का?’ असे विचारून तिला पेचात पकडू नका, ‘बिस्कीट खाल्लेलं दिसतंय, चल तोंड पुसू’ असे सांगा.

मोजण्याच्या बाबतीत रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांचा विचार कामी येतो: मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधल्या पट्ट्यातच शिकणे घडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. वाटीत सात चिंचोके द्या. मुले बहुधा एकाच चिंचोक्यावर दोन आकडे म्हणतात. तेव्हा उत्तर न सांगता, प्रत्येक आकड्याला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायला सांगा. काही दिवसांनी दुसरी वाटी काढून घ्या, फक्त बोट ठेवू द्या.

वयाचे आकडे मात्र वेळापत्रकासारखे वापरू नयेत. मेक्सिकोतील कुंभारांच्या मुलांवर 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मातीचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते हे त्यांना इतर मुलांपेक्षा चांगले कळत असल्याचे दिसले, कारण माती रोज त्यांच्या हातात होती. तुम्ही वर्णन केलेले काहीही मला चिंताजनक वाटत नाही. मूल आधी येत असलेले शब्द गमावू लागले, हाकेला प्रतिसाद देईनासे झाले, तर मात्र थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हास्तरावर चालणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावे. तेथे तपासणी विनामूल्य होते.