पहिलं प्रेझेंटेशन? आधी स्लाइड मास्टर उघड

भाऊ, अ‍ॅनिमेशनला सध्या हात लावू नको. अक्षरं गरगर फिरत आली की सरांच्या कपाळावर आठ्या पडतात, बाकी काही साधत नाही.

आधी पॉवरपॉइंटच्या व्ह्यूमध्ये जाऊन स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मूळ साचा, उघड. फॉन्ट, रंग, कॉलेजचा लोगो तिथे एकदाच लाव, सगळीकडे आपोआप येतो. मजकूर लेआउटच्या चौकटीतच टाईप कर. स्वतः काढलेले टेक्स्ट बॉक्स लेआउट बदलला तरी जागचे हलत नाहीत, मग एकेक सरकवत बस!

मराठी मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. सीताबर्डीच्या बाजारातून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून आणलंस आणि हॉलच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर ‘नागपूर’च्या जागी ‘ukxiwj’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. खरंच.

अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात, पडदे नसलेल्या हॉलमध्ये फिकट रंग तर दिसतच नाहीत. पांढऱ्यावर काळं बरं.

एफ५ने शो सुरुवातीपासून, शिफ्ट-एफ५ने समोरच्या स्लाइडपासून. मध्येच कुणी प्रश्न विचारला तर कीबोर्डवरचा बी (B) दाब, पडदा काळा होतो. पुन्हा दाबला की स्लाइड हजर. पेनड्राइव्हवर पीडीएफ कॉपीही ठेव.