महिलांचा वेटसूट (गार पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा रबरी सूट) खरंच वेगळा असतो, की नुसता रंग बदलून विकतात? पुरुषांचा लहान मापाचा चालेल का?

वेगळा असतो, आणि पुरुषांचा चालणार नाही. "काय फरक पडतो" असं तुम्हाला ज्याने सांगितलं तो बाप्याच असणार.

मी सर्फिंग शिकले कॅलिफोर्नियात, पॅसिफिकाच्या लिंडा मार बीचवर. चाळिशी, उंची पाच फूट एक इंच, दोन बाळंतपणं झालेली. इकडे वसंतात वारा सुटला की समुद्राचं खालचं गार पाणी वर येतं. तेव्हा ११-१२ अंश म्हणजे नेहमीचंच. नवऱ्याचं म्हणणं, "धाकट्याचा जुना ४/३ गॅरेजमध्ये पडलाय, तो घाल की. निओप्रीन ताणतंच." (निओप्रीन म्हणजे वेटसूटचं फेसासारखं रबर. ४/३ ही त्याची जाडी: धडाला ४ मिलिमीटर, हातापायांना ३.)

घातला. छातीवर इतका आवळ की पॅडल मारताना श्वास अर्धाच जायचा. कमरेमागे मात्र मूठ जाईल एवढी पोकळी. पहिल्याच फेसाळ लाटेखाली डोकं घातलं आणि मानेतून शिरलेलं पाणी पाठीच्या पन्हळीतून थेट कमरेत. वेटसूट तुम्हाला कोरडं ठेवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाने तापतो आणि निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. पण तो थर जागेवर राहिला तर ना! माझं म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं आणि दर मिनिटाला बादली उपडी करायची, असं चाललं होतं. वीस मिनिटांत बोटं वळेनात. बाहेर आले तर पोटऱ्यांपाशी पाण्याच्या पिशव्या लोंबत होत्या. पाठीवरची चेन उघडेना, तेव्हा पार्किंगमधल्या एका अनोळखी पोरीने टॉवेल धरून मला त्यातून केळ्यासारखं सोललं.

घरी आल्यावर ऐकलं काय, तर "तुला थंडीच सोसत नाही."

बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५२ च्या सुमारास हा प्रकार काढला तो नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरांसाठी. तेव्हा बाईचा देह कोणाच्या डोळ्यांसमोर असणार? आता महिलांच्या सूटमध्ये छातीला जागा, कंबर आत, नितंब रुंद, हातपाय आखूड असतात. मापं ६, ८, १०. बुटक्यांनी ८ शॉर्ट शोधावा, मला तोच बसला. दुकानात घालून उकिडवं बसा, दोन्ही हात वर करा. कमरेमागे किंवा काखेत हवा राहिली तर परत ठेवा, कितीही सवलत असो. छातीवर चेन असलेल्या सूटमध्ये पाणी कमी शिरतं, पण खांदे घालता-काढताना नाकी नऊ येतात.

महिलांचे सगळेच सूट चांगले असतात असंही नाही. बरेचसे एखाद्या सडपातळ उंच पोरीवर बेतलेले वाटतात. पोट सुटलेल्या बाईने काय करायचं, देव जाणे.

मागच्या हिवाळ्यात नवऱ्याचा सूट खांद्यात उसवला. मी माझा पुढे केला. ताणतंच ना निओप्रीन?

"अगं, बायकांचा मला कसा बसेल?"

हे मी तारीख घालून लिहून ठेवलंय.

हो, तुम्ही गोव्यात किंवा तारकर्लीला शिकणार असाल तर यातलं काहीच नको. तिथे उन्हापासून वाचवणारा लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा पातळ, घट्ट टी-शर्ट) पुरतो.