देवळातला खुळखुळा आणि हिरवी पूड

प्रश्न : एका संग्रहालयात प्राचीन इजिप्तचा ब्राँझचा 'सिस्ट्रम' पाहिला. मुठीवर बाईचा चेहरा, कान मात्र गाईचे! हा वाजवायचे कसा? त्याच्या गजांवर फिकट हिरवी पूड दिसली. आमच्याकडच्या पणजोबांच्या कांशाच्या झांजांवरही तशीच आहे. चिंच-मिठाने घासू का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तो चेहरा हाथोर देवीचा. मुठीवरच्या कमानीला दोन्ही बाजूंनी भोके असतात, त्यांतून तीन-चार गज सैलसर ओवलेले. गज निसटू नयेत म्हणून त्यांची टोके वाकवलेली असतात. काहींत चिपळ्यांसारख्या चकत्याही असतात. हलवले की गज सरकतात आणि छनछनाट होतो. इजिप्ती नाव 'सेशेशेत'. उच्चारून पाहा, नावातच तो आवाज आहे. पपायरस या पाणवनस्पतीच्या सळसळीशी त्याचे नाते जोडतात. दुसरा प्रकार कमानीऐवजी छोट्या देवळाच्या आकाराचा; इजिप्तमधल्या देंदेराच्या हाथोर मंदिराचे खांब त्याच घडणीचे आहेत. इथिओपियाच्या चर्चमध्ये या वाद्याचा भाऊबंद आजही वाजतो.

आता पूड. चिंच-मीठ अजिबात लावू नका. कठीण, गडद हिरवा थर धातूला राखतो, तो राहू द्या. फिकट, भुसभुशीत, खरवडली तरी पुन्हा येणारी पूड मात्र रोग आहे. धातूत मुरलेले क्लोराइड दमट हवेत आम्ल तयार करते, ते आम्ल तांबे खाते आणि त्यातून पुन्हा क्लोराइड. मीठ म्हणजे क्लोराइडच. म्हणजे आपण रोगालाच खाऊ घालतो. सिस्ट्रमचे गज बारीक, शिवाय गंजून भोकांत अडकतात. म्हणून जुना नग कधीही हलवून पाहायचा नाही.

झांजा हातमोजे घालून धरा (घामातही मीठ असते). मऊ कोरड्या ब्रशने पूड पांढऱ्या कागदावर झाडा, फोटो काढा आणि आठवडाभराने पुन्हा पाहा. पूड परत आली तर धातूवस्तूंच्या संवर्धकालाच दाखवा. तोवर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे, रंग बदलणारे नारिंगी दाणे) आणि आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० टक्क्यांखाली हवा. पावसाळ्यात तर काळजी घ्याच, पण मे महिन्यातल्या कोरड्या हवेवरही विसंबू नका. खसच्या ताट्यांचा कूलर चालतो त्या खोलीत दमटपणा भरपूर असतो. डबा तिथे नको. नारिंगी जेल हिरवे पडले की भिजले समजा. ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की परत नारिंगी होते.