आकडा चित्राखाली लिही

प्रिय मुली,

तू पाठवलेली पक्ष्यांची चित्रं चांगली आहेत हे तुलाही माहीत आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. मी अडखळलो तो तुझ्या एका ओळीपाशी: 'प्रिंट विकून जो नफा उरेल, त्यातला काही भाग पक्षिसंवर्धनासाठी देईन.' काही भाग म्हणजे किती? आणि नफा कोणाच्या हिशेबाने? छपाई, फ्रेम, पॅकिंग, कुरिअर, दालनाचं भाडं वजा करत गेलं की नफा शून्यावर आणता येतो, आणि कुणी खोटं बोललेलंही नसतं. म्हणून आकडा लिही. विक्रीच्या रकमेवर लिही, नफ्यावर नको.

अमेरिकेतला 'डक स्टॅम्प' बघ, म्हणजे तिथलं सरकार विकतं ते पाणपक्ष्याच्या चित्राचं तिकीट. 1934 साली सुरू झाला, पहिलं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराचं. बदकांच्या शिकाऱ्याला तो घ्यावाच लागतो, पण पक्षिनिरीक्षक आणि संग्राहकही आपणहून घेतात. डॉलरमागे 98 सेंट अधिवास राखण्याकडे जातात, हे घेणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं. चित्र दरवर्षी नवं, हिशेब तोच.

स्वतःचं मानधन घ्यावं का, असं विचारतेस. घे! लाज कसली? सगळं दान करून टाकणारे चित्रकार मी थकून थांबलेले पाहिलेत, आणि ते थांबले तसा पक्षिसंवर्धनाच्या संस्थेकडे जाणारा पैसाही थांबला. तुझी मेहनत किमतीत धर, संस्थेचा वाटाही धर, आणि तो वाटा चित्राखाली लिही.

आता छोट्या खंड्याची जोडी. दोघांच्याही चोची तू काळ्या रंगवल्यास. मादीची खालची चोच नारिंगी असते, म्हणजे तू दोन नर काढलेस. छपाईआधी दुरुस्त कर. प्रूफमध्ये, म्हणजे छपाईच्या चाचणी-प्रतीत, पाठीचा निळा मंद दिसला म्हणून तो संगणकावर भडक करत बसू नकोस. पक्ष्याच्या अंगावर तो निळा पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो, शाईला तो पुरता साधत नाही. पिगमेंट शाई आणि आम्लविरहित कागद घे, प्रूफ दिवसाच्या उजेडात तपास. आणि प्रतीवर पेन्सिलीने 7/100, म्हणजे शंभरातली सातवी, असं लिहिलंस, तर एकशेएकावी प्रत निघता कामा नये. तोही आकडाच आहे.

मला हट्टी म्हणतात ते याच पायी. एका मोठ्या खरेदीदाराने माझी चित्रं कॅलेंडरसाठी मागितली होती. खाली 'या विक्रीतून निसर्गाला हातभार' एवढंच छापणार होता. मी आकडा मागितला, तो देईना. मी चित्रं दिली नाहीत. 'तुझ्या हट्टापायी संस्थेचं नुकसान झालं,' असं जवळच्या मित्राने सुनावलं, आणि आमच्यात पूर्वीचा मोकळेपणा उरला नाही. त्याची खंत आहे. नकाराची नाही. हातभार किती लागणार होता हे त्या मित्रालाही सांगता आलं नाही. मग नुकसान मोजलं कशावरून?

संस्थेची लेखी संमती मिळेपर्यंत तिचं नाव कुठे छापू नकोस. रक्कम कधी पोचवणार, तेही त्याच कागदावर ठरवून घे आणि पावती मागणाऱ्याला दाखव. चित्राखालचा मजकूर छापायला देण्याआधी मला पाठव, आकड्यासकट.